तिबेटला वळसा घालणारा वटवट्या आणि दोन प्रजातींमधली भिंत

रानपाखरू

ऑक्टोबर लागला की आपल्याकडच्या आंब्या-वडांतून, शिरीषाच्या शेंड्यांतून 'चि-स्वी, चि-स्वी' असा बारीक पण खणखणीत आवाज यायला लागतो. तो हिरवट पर्ण वटवट्याचा, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या ग्रीनिश वॉर्बलरचा. चिमणीहून लहान, दहा ग्रॅमही वजन नाही. पाठ मळकट हिरवी, पोट फिकट, डोळ्यावर पिवळसर भुवई, पंखावर एक बारीक फिकी पट्टी. एका फांदीवर क्षणभर ठरत नाही. उन्हाळा आला की विणीसाठी उत्तरेला निघून जातो.

हा धागा काढायचं कारण असं. नव्या प्रजाती कशा तयार होतात हे सांगताना आपण नेहमी लाखो वर्षांच्या गोष्टी करतो आणि ऐकणारा मनात म्हणतो, 'बघितलंय कुणी?' या वटवट्याच्या बाबतीत तो काळ नकाशावर पसरलेला दिसतो. काळात मागे जायची गरज नाही, जमिनीवरून पुढे जात राहिलं की पुरे.

आशियाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी तिबेटचं पठार, त्याच्या वर वाळवंटं. झाडं नाहीत, म्हणजे झाडांवरच्या किडे-अळ्यांवर जगणाऱ्या या पक्ष्याला तिथे जागा नाही. विणीच्या काळात तो या मोकळ्या प्रदेशाच्या कडेकडेने राहतो. दक्षिणेला हिमालय. तिथून पश्चिमेच्या बाजूने काश्मीर, मग तिएन शान पर्वत, मग वर पश्चिम सायबेरिया. पूर्वेच्या बाजूने चीनमधले डोंगर आणि पुढे पूर्व सायबेरिया. दोन्ही हात असे वर गेले आणि मध्य सायबेरियात, येनिसे नदीच्या भागात, पुन्हा एकमेकांना भेटले. एक भलंमोठं कडं.

या कड्यावरून हिमालयातून पश्चिमेकडे चालत गेलात तर शेजारच्या दोन ठिकाणच्या पक्ष्यांत फारसा फरक सापडत नाही. थोडा रंग, थोडं गाणं. पूर्वेकडे गेलात तरी तेच. पण सायबेरियात पोचल्यावर तिथे एकाच जंगलात दोन वेगवेगळे पक्षी भेटतात. एकाच्या पंखावर एक पट्टी, दुसऱ्याच्या पंखावर दोन. गाणी वेगळी. आणि जोड्या जमतात त्या आपापल्यातच.

१९३८ साली क्लॉड टाइसहर्स्ट या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने केवळ संग्रहालयांतली कातडी तपासून हे कडं ओळखलं होतं. चार वर्षांनी जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरने प्रजाती म्हणजे काय याची जी व्याख्या रूढ केली, ती आपण शाळेत शिकलो: जे आपसात प्रजनन करतात आणि इतर गटांपासून प्रजननाच्या बाबतीत तुटलेले असतात ते एका प्रजातीचे. मायरला ही वर्तुळाकार साखळी फार मोलाची वाटायची, कारण एकाची दोन होण्याच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा तिच्यात आजही जिवंत आहे.

मग १९९० च्या दशकात डॅरेन अर्विन हा संशोधक ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन या कड्यावरून हिंडला. त्याने जे नोंदवलं ते मला आजही भारावून टाकतं. हिमालयातली गाणी आखूड आणि साधी आहेत. उत्तरेकडे जावं तसं गाणं लांबत जातं, गुंतागुंतीचं होतं. दोन्ही बाजूंनी! पण एकाच रीतीने नाही. पश्चिमेकडच्यांनी गाण्यातले तुकडे लांबवत नेले. पूर्वेकडच्यांचे तुकडे आखूडच राहिले, संख्या वाढली. त्याने एका भागातल्या नराला दुसऱ्या भागातलं गाणं ऐकवून पाहिलं. शेजारचं गाणं ऐकलं की नर चवताळून येतो, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून. पण पश्चिम सायबेरियातल्या नराला पूर्व सायबेरियातलं गाणं ऐकवलं तर तो ढुंकूनही बघत नाही. त्याच्या लेखी ते आपल्यातल्या कुणाचं गाणंच नसतं.

इथे मला जे सांगायचं आहे ते आहे. या दोघांना वेगळं करायला कुणी भिंत बांधली नाही. 'आता आपण वेगळे होऊ या' असा निसर्गाचा डाव नव्हता. दोन्हीकडे माद्यांना अधिक भरगच्च गाणारे नर आवडत गेले असावेत, दोन्हीकडे गाणं वाढलं, फक्त वाढायच्या वाटा वेगळ्या पडल्या. प्रजननातली ताटातूट हा त्यातून निघालेला जोडपरिणाम. आणि ही ताटातूट कड्यावर नेमकी कुठे झाली म्हणून बोट ठेवायला गेलात तर बोट ठेवायला जागा सापडत नाही.

इतर उदाहरणं, शंका, विरोध, सगळं येऊ द्या.

मेधा_क

सुरेख धागा! दोन भाबड्या शंका. वाघ-सिंहाची पिल्लं होतात असं वाचलंय, मग ती एक प्रजाती का नाही? आणि खेचर वांझ असतं ते नेमकं कशामुळे?

रानपाखरू

मेधाताई, शंका भाबड्या अजिबात नाहीत.

प्रजातींमधले अडथळे ढोबळमानाने दोन ठिकाणी येतात, मीलनाच्या आधी आणि मीलनानंतर. आधीचे म्हणजे भेटच न होणं (एक दरीत, दुसरा माथ्यावर), हंगाम न जुळणं, गाणं किंवा वास किंवा रंग ओळखीचा न वाटणं. नंतरचे म्हणजे गर्भ न टिकणं, पिल्लू अशक्त निघणं, किंवा धडधाकट पिल्लू मोठं होऊन वांझ निघणं. वाघ-सिंहाचा संकर माणसाने पिंजऱ्यात एकत्र ठेवल्यावर झालेला आहे. त्यांचं राहणं, जोडीदार शोधणं सगळं निराळं. शिवाय त्या संकरातले नर वांझ असतात, माद्यांना मात्र कधी कधी पिल्लं होतात.

हा नर-मादीचा फरक योगायोगाने आलेला नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये नियम मांडला: संकरात एकच लिंग वांझ किंवा दुबळं निघालं, तर ते बहुधा दोन वेगळी लिंगगुणसूत्रं (नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रं) असलेलं लिंग असतं. सस्तन प्राण्यांत ते नर. पक्ष्यांत आणि फुलपाखरांत उलट, तिथे माद्यांना दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, म्हणून तिथे माद्या. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

खेचराबद्दल: घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला ६३ मिळतात. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, तिथे घोळ होतो. पण नुसत्या आकड्याला दोष देऊन भागत नाही. मंगोलियातल्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रं ६६ आहेत. त्याचा आपल्या घोड्याशी संकर केला तर पिल्लाला ६५ येतात आणि ते पिल्लू व्यवस्थित प्रजनन करतं. म्हणजे जोड्या कितपत नीट लागतात आणि जनुकांचं आपसात किती जमतं, हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

प्रश्नचिन्ह

जनुकांचं 'जमत नाही' म्हणजे काय? नैसर्गिक निवड वांझपणा कशी काय निवडेल? जो वांझ तो पुढे काहीच देत नाही. हा मुद्दा मला कायम खटकतो.

रानपाखरू

खटकायलाच हवा. डार्विनलाही हा पेच पडला होता. उत्तर असं की निवड वांझपणा निवडतच नाही.

समजा एका प्रजातीचे दोन गट डोंगराच्या दोन बाजूंना अडकले. एका बाजूला एका जनुकात बदल झाला. तो तिथल्या बाकीच्या जनुकांबरोबर ठीक चालला, म्हणून टिकला. दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच जनुकात बदल झाला, तोही तिथे ठीक चालला. दोन्ही बदल आपापल्या घरी पारखले गेलेत. पण ते दोन बदल एकाच शरीरात आजवर कधी एकत्र आलेले नाहीत. ते पहिल्यांदा एकत्र येतात संकरात. तिथे एकमेकांशी पटलं नाही तर संकर दुबळा किंवा वांझ. कुणाचंही नुकसान न होता, दोन्हीकडे सगळं सुरळीत चालू असताना, मधली भिंत उभी राहिली. थिओडोसियस डोब्झान्स्की आणि हर्मन मुलर यांनी १९३०-४० च्या काळात हे तर्काने मांडलं, आणि पुढे फळमाश्यांत अशी न पटणारी जनुकं प्रत्यक्ष सापडली.

एका बाबतीत मात्र निवड खरोखरच भिंतीच्या बाजूने काम करते. दोन गट पुन्हा भेटले आणि संकर कमकुवत निघू लागले, तर जी मादी परक्या नराला टाळते तिची पिल्लं जास्त जगतात. मग ओळख आणखी पक्की होत जाते. युरोपातल्या दोन माशीमार पक्ष्यांत हे दिसलंय. जिथे एकच प्रजाती राहते तिथे दोघांचेही नर काळे-पांढरे, बरेचसे सारखे. जिथे दोन्ही प्रजाती एकत्र राहतात तिथे एकीचे नर तपकिरी झालेत, त्यामुळे माद्यांची गफलत कमी होते.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला, घरची शेती. पक्ष्यातलं फार कळत नाही, गव्हातलं कळतं. आमच्याकडे थोडी खपली असते, घरच्या खिरीपुरती आणि पुरणपोळीपुरती. शेजारच्या वावरात दुसरा गहू. खपली ज्यांनी हाताळली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचं तसं नाही. मळणीनंतरही ओंबीचे बारके बारके तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात दाणे टरफलाला घट्ट धरून बसलेले असतात. कांडून किंवा गिरणीत घालून ते टरफल काढावं लागतं, तेव्हा आत लांबट, तांबूस दाणा निघतो. पूर्वी बायका उखळात पाण्याचा हात लावून कांडायच्या.

प्रश्न असा. दोन्ही गहूच, दोन्ही वावरं बांधाला बांध, दोन्ही एकाच सुमाराला फुलोऱ्यावर. तरी वर्षानुवर्षं खपली ती खपलीच राहते. हे एकमेकांत मिसळत का नाहीत?

बीजांकुर

कृष्णाकाठ दादा, हा प्रश्न विचारल्याबद्दल खास आभार, मी गहू पैदाशीच्याच कामात आहे.

पहिलं सोपं कारण: गहू मुख्यतः स्वपरागीभवन करतो. फूल उघडायच्या आधीच आतल्या आत बरंचसं काम झालेलं असतं, वाऱ्यावरचे शेजारचे परागकण पोचतात ते फार थोडे.

खरं कारण मात्र गुणसूत्रांत आहे. खपलीची गुणसूत्रं २८. बन्सी गव्हाचीही २८. आपला नेहमीचा चपातीचा गहू, मग तो लोकवन असो की शरबती, त्याची ४२. जादाची १४ आली कुठून? कॅस्पियन समुद्राच्या आसपास, साधारण आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी, खपलीच्या गोतावळ्यातल्या शेतातल्या गव्हाचा संकर एका रानगवताशी झाला. त्या गवताची गुणसूत्रं १४. संकराला एकाकडून १४ आणि दुसऱ्याकडून ७ मिळाली, एकूण २१, आणि कुणालाच जोडीदार नाही. असं रोप वांझच राहायचं. पण वनस्पतींत कधी कधी पेशीविभाजनात चूक होऊन गुणसूत्रांचा सगळा संच दुप्पट होतो. २१ ची ४२ झाली. आता प्रत्येकाला हुबेहूब जोडीदार मिळाला, दाणे भरले, आणि एक नवी प्रजाती उभी राहिली. एका-दोन पिढ्यांत! रानपाखरू यांच्या वटवट्याला जे करायला हजारो वर्षं लागली ते इथे एका हंगामाच्या अंतरावर झालं. मागे फिरून आई-बापांशी संकर केला तर गुणसूत्रांचा हिशेब पुन्हा विस्कटतो, म्हणून ही भिंत पहिल्या दिवसापासून उभी.

वनस्पतींमध्ये ही वाट अपवादाची नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून ट्रॅगोपोगॉन नावाच्या पिवळ्या-जांभळ्या फुलांच्या तीन रानवनस्पती पोचल्या. १९५० मध्ये मॅरियन ओनबी यांनी दाखवून दिलं की त्यांच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन, दोन नव्या प्रजाती तयार झाल्या आहेत. युरोपात त्या नव्हत्याच.

आता भिंतीची दुसरी बाजू. तुमच्या खपलीचा चपातीच्या गव्हाशी हाताने संकर केला तर ३५ गुणसूत्रांची रोपं मिळतात. बरेच दाणे पोचट जातात, पण सगळे नाही. काही भरतात. त्यांचा चपातीच्या गव्हाशी पुन्हा पुन्हा संकर करत गेलं की खपलीतलं एखादं हवं ते जनुक ४२ वाल्यांत आणता येतं. तांबेऱ्याला (गव्हावरच्या बुरशीच्या रोगाला) दाद न देणारा गहू म्हणून खपलीचं नाव जगभरच्या गहू पैदासकारांना माहीत आहे. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी जे बारा गहू ठरवले त्यांत एक 'खपली' याच नावाने आहे. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपली आणि तिथला स्टाइनवेडेल गहू यांच्यापासून वाण काढला, त्याचं नाव 'खपस्टाइन'.

कृष्णाकाठ

खपलीचं नाव ऑस्ट्रेलियात! घरी सांगितलं. आईला भरून आलं. धन्यवाद.

तांबडी_माती

बीजांकुर, उत्तम. पण मग मायरच्या व्याख्येचं काय? ३५ गुणसूत्रांची रोपं थोडी का होईना फळतात, म्हणजे खपली आणि चपातीचा गहू पुरते तुटलेले नाहीत.

आणि रानपाखरू, एक आक्षेप नोंदवते. २०१४ मध्ये याच वटवट्यांच्या जिनोमचा (सगळ्या जनुकसंचाचा) अभ्यास प्रसिद्ध झाला, अर्विनही त्यात होते. त्यात दिसलं की कडं काही सलग, अखंड राहिलेलं नाही. मधल्या काळात ते काही ठिकाणी तुटलं होतं, तुकडे वेगळे राहिले आणि पुन्हा भिडले. वर सायबेरियात भेटणाऱ्या दोन टोकांमध्येही थोडी जनुकांची देवाणघेवाण झाल्याच्या खुणा आहेत. 'बोट ठेवायला जागा नाही' हे तुमचं वाक्य त्यापुढे टिकतं का?

रानपाखरू

टिकतं, आणि त्या अभ्यासाने ते जास्त खरं झालं असं माझं मत आहे. साखळी कुठे अखंड, कुठे तुटून जुळलेली, वर दोन टोकं जवळपास वेगळी पण जनुकं अजून थोडी पाझरतात. यातल्या कोणत्या क्षणी रेघ ओढायची? पूर्ण अखंड साखळी असती तर गोष्ट सुबक झाली असती, पण गट तुटणं आणि पुन्हा भेटणं हीच प्रजाती होण्याची नेहमीची रीत आहे. हिमयुगांत जंगलं आकसली, गट अडकले; उबदार काळात जंगलं पसरली, गट भेटले. पूर्वेच्या बाजूला उत्तर चीनमध्ये आज साखळीत मोठी फट आहे, आणि तिथे माणसाने केलेली जंगलतोड हे त्याचं एक कारण मानलं जातं.

तुमचा पहिला मुद्दा पूर्ण मान्य. मायरची व्याख्या काळ्या-पांढऱ्या भिंतीची आहे. प्रत्यक्षात भिंत गळकी असते, आणि कितपत गळली म्हणजे अजून एकच प्रजाती म्हणायचं, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

अण्णा_बेळगाव

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसंच हे. सावंतवाडीचा माणूस आणि चंदगडचा माणूस बोलू शकतात, पण टोकाचे दोघे भेटले तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील.

रानपाखरू

अण्णा, अगदी. फरक एवढाच की भाषा शिकून घेता येते, वांझपणा शिकून घालवता येत नाही. वटवट्याची गोष्ट मात्र अजून बरीचशी भाषेच्या टप्प्यावर आहे.

आणखी एक अडथळा राहिलाच. सायबेरियातले पश्चिमेकडचे वटवटे हिवाळ्यात तिबेटला पश्चिमेकडून वळसा घालून भारतात येतात. पूर्वेकडचे पूर्वेच्या बाजूने वळसा घालून आग्नेय आशियात जातात. दिशा उपजत असते. संकर झालेल्या पिल्लाला मधली दिशा मिळाली तर? मध्ये तिबेट आणि वाळवंट. वटवट्यांत हा अंदाज आहे. पण कॅनडातल्या स्वेन्सन्स थ्रश या पक्ष्याच्या दोन गटांमधल्या संकर पक्ष्यांवर अर्विन आणि किरा डेलमोर यांनी उजेड मोजणारी इवली यंत्रं बसवली, तेव्हा बरेच संकर पक्षी खरोखरच मधल्या वाटेने गेले. म्हणजे पिल्लू धडधाकट आहे, वांझ नाही, तरी प्रवासात मागे पडू शकतं.

भटका_सह्याद्री

आपल्या घाटातलं उदाहरण कसं नाही आलं अजून! पालघाटची खिंड. साधारण ३०-४० किलोमीटर रुंद, पश्चिम घाटातली सगळ्यांत मोठी फट. वर दोन्हीकडे दोन हजार मीटरहून उंच डोंगर, माथ्यावर शोला जंगलं, खाली उष्ण सखल भाग. माथ्यावरच्या थंड जंगलात राहणाऱ्या छोट्या पक्ष्याला ती खिंड समुद्रासारखी. खिंडीच्या उत्तरेला निलगिरीच्या बाजूला एक निळा शोला पक्षी, दक्षिणेला त्याचा भाऊबंद पांढऱ्या पोटाचा. पूर्वी दोघांना एकाच प्रजातीत घालायचे. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून दाखवलं की हे पक्षी इतरांहून इतके वेगळे आहेत की त्यांचा गटच स्वतंत्र हवा, आणि त्याला नाव मिळालं शोलिकोला.

बेडकांचं तर विचारूच नका. पावसात कास-महाबळेश्वरकडे झुडपांतून टिकटिक करणारे अंगठ्याएवढे झुडपी बेडूक असतात ना, त्यांना अंडी घालायला डबकं लागत नाही. पाण्यातला भैकेर (टॅडपोल) हा टप्पाच नाही, अंड्यातून थेट इवला बेडूक बाहेर. त्यामुळे ओढ्या-नद्यांवाचून डोंगरमाथ्यावर पिढ्यानपिढ्या काढता येतात, आणि एका माथ्यावरचे दुसऱ्या माथ्यावर सहसा पोचत नाहीत. दक्षिण घाटात यांच्या कितीतरी प्रजाती निघाल्यात. आपल्या महाराष्ट्राच्या घाटातलीही एक २०१३ मध्ये नोंदली गेली, पुण्याचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव तिला दिलंय, राओर्केस्टेस घाटेई. बरेचदा दोन प्रजाती हातात घेतल्या तर सारख्याच वाटतात, फरक कळतो तो हाकेवरून.

मेधा_क

म्हणजे डोंगर, खिंड, समुद्र काहीतरी मध्ये आलंच पाहिजे का? एकाच ठिकाणी राहून दोन होत नाहीत? आणि माणसाच्या डोळ्यांदेखत?

बीजांकुर

होतात, पण अवघड असतं, कारण जनुकं सतत मिसळत राहतात. सर्वांत चांगलं अभ्यासलेलं उदाहरण अमेरिकेतल्या सफरचंदाच्या माशीचं. ही माशी मूळची हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या फळांवरची. सतराव्या शतकात युरोपियनांनी तिकडे सफरचंद नेलं. १८६० च्या दशकात बेंजामिन वॉल्श यांच्या लक्षात आलं की माशी सफरचंदावर आली आहे, आणि यातून नवी प्रजाती निघू शकते असं त्यांनी तेव्हाच लिहिलं. या माश्यांचं मीलन फळावरच होतं आणि अंडीही त्याच फळात. म्हणजे फळ बदललं की सोयरिकीची जागाच बदलली. त्यात सफरचंद तीन-चार आठवडे आधी पिकतं आणि प्रौढ माशी जेमतेम महिनाभर जगते. सफरचंदवाल्या माश्या आधी बाहेर पडतात, हॉथॉर्नवाल्या नंतर. डोंगर मध्ये नाही, पण तारखा मध्ये आल्या. अजूनही पिढीमागे चार-सहा टक्के मिसळ चालू आहे, तरी दोन्ही गटांचे जनुकीय फरक टिकून आहेत. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे या अळ्यांवर पोसणाऱ्या परजीवी गांधीलमाश्याही मागोमाग दोन गटांत विभागल्या जाताना दिसल्या आहेत.

डोळ्यांदेखत म्हणाल तर गालापागोस. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून डॅफ्ने मेजर या एवढ्याशा बेटावर फिंच पक्ष्यांवर काम करत होतं. १९८१ मध्ये तिथे एक दांडगा, मोठ्या चोचीचा, वेगळंच गाणारा नर उडत आला. आधी तो जवळच्या सांताक्रूझचा वाटला. पुढे डीएनएवरून कळलं की शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पानोला बेटाचा. त्याने स्थानिक मादीशी जोडी जमवली. फिंचमध्ये मुलगे बापाचं गाणं शिकतात, त्यामुळे वंशजांचं गाणं बेटावरच्या इतरांपेक्षा वेगळं, चोचही वेगळी. तिसऱ्या पिढीपासून ते फक्त आपसातच जोड्या जमवू लागले. २००३ च्या दुष्काळानंतर त्या वंशाचे एक भाऊ आणि एक बहीण एवढेच उरले होते, आणि त्या दोघांपासून वंश पुन्हा वाढला. याला नवी प्रजाती म्हणावं की नाही यावर मतभेद आहेत. पण प्रजननातली ताटातूट तीन पिढ्यांत कशी होते हे पायातल्या कड्या वाचून एकेका पक्ष्याची ओळख ठेवणाऱ्या माणसांनी पाहिलं.

प्रश्नचिन्ह

निएंडरथल माणसांचं काय मग? आपल्यात त्यांची जनुकं आहेत म्हणतात.

तांबडी_माती

हो. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या, म्हणजे आपल्याही, जनुकांतला साधारण एक-दोन टक्के वाटा त्यांच्याकडून आलाय. स्वांते पाबो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे दाखवलं, २०२२ चं नोबेल त्यांना मिळालं. या धाग्याशी जुळणारा भाग हा: तो वाटा सगळीकडे सारखा पसरलेला नाही. क्ष गुणसूत्रावर तो खूपच कमी आहे. संकरातले पुरुष काही प्रमाणात वंध्य असावेत, हे त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. वर आलेला हाल्डेनचा नियमच तो. भिंत उभी राहायला सुरुवात झाली होती, पूर्ण झाली नव्हती.

मेधा_क

शेवटची शंका. दोनाच्या पुन्हा एक होतात का कधी?

रानपाखरू

होतात, आणि या धाग्यातला मला सर्वांत काळजीचा वाटणारा भाग हाच.

आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर त्यात सिक्लिड माशांच्या जवळपास पाचशे प्रजाती झाल्या, पृष्ठवंशीय प्राण्यांत एवढ्या वेगाचं दुसरं उदाहरण क्वचितच. त्यांतल्या कित्येक जोड्या अशा की संकर केला तर पिल्लं धडधाकट, वंशही वाढतो. त्यांना वेगळं ठेवते ती मादीची नजर. उथळ पाण्यात एका प्रजातीचे नर निळसर, जरा खोल पाण्यात त्यांच्या भाऊबंदांचे नर लाल. खोलीप्रमाणे पाण्यात पोचणारा प्रकाश बदलतो, डोळ्यांतली रंग टिपणारी प्रथिनंही त्याप्रमाणे थोडी वेगळी, आणि मादी आपल्या रंगाचा नर निवडते. सगळी भिंत त्या एका ओळखीवर उभी.

मग काठावरची शेती वाढली, जंगलं तुटली, मैलापाणी आणि माती सरोवरात येऊ लागली. शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं. ओले सीहाउजन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जिथे पाणी गढूळ आहे तिथे नरांचे रंग फिके पडलेत आणि प्रजातींची संख्याही घटली आहे. रंग दिसत नसेल तर मादी निवडणार कशावरून? प्रजाती एकमेकींत मिसळून जातात. यात एकही मासा मारावा लागत नाही. ना जाळं, ना विष. मासे तेवढेच राहतात आणि प्रजाती नाहीशा होतात.

म्हणून कुठल्याही तळ्याचं, नदीचं पाणी गढूळ होताना तिथे मासे 'अजून आहेत' एवढ्यावर कुणी समाधान मानलं की मला राहवत नाही. कोणते आहेत आणि ते एकमेकांना ओळखतायत का, हे विचारायला हवं. सीहाउजन यांच्या नोंदींत स्वच्छ पाण्याच्या खडकाळ बेटांजवळ लाल आणि निळे आजही वेगळे आहेत. पाणी जसजसं गढूळ होत जातं तसतसे मधल्या रंगाचे नर वाढत जातात, आणि सर्वांत गढूळ ठिकाणी एकच मिसळलेला गट उरतो.